हमी विमानात बसत नाही

टोकियोच्या अकिहाबारातल्या एका बहुमजली दुकानात मी खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घेतला. काउंटरवरच्या मुलाने खोकं उघडून आतून एक घडीचा कागद काढला, त्यावर दुकानाचा लाल शिक्का मारला आणि हाताने तारीख घातली. हा होशोशो, म्हणजे वॉरंटी कार्ड. शिक्का नसेल तर कागद रद्दी, इतकं त्या शिक्क्याला महत्त्व. मग त्याने कागद माझ्याकडे फिरवला आणि खालच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. ही वॉरंटी फक्त जपानमध्ये ग्राह्य आहे. मी मान डोलावली, तरी बोट हललं नाही. ‘हो, वाचलं’ असं तोंडाने म्हटल्यावरच त्याने ते उचललं.

आपल्याकडे इतकं प्रामाणिक बोट क्वचित भेटतं. परदेशातून वस्तू आणणारा माणूस घरी येऊन बढाई मारतो ती किमतीची: इथल्यापेक्षा सहा हजारांनी स्वस्त पडला! ते सहा हजार कुठून वाचले, हे तो स्वतःलाही विचारत नाही. बऱ्याचदा ते त्या एका ओळीतून वाचलेले असतात.

खिशातल्या संगीताचा इतिहासच मुळी प्रवाशांच्या बॅगांमधून घडला आहे. सोनीचा पहिला वॉकमन, निळा-रुपेरी ‘टीपीएस-एल२’, १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये बाजारात आला. किंमत ३३,००० येन. पहिली खेप ३०,००० नगांची होती आणि पहिल्या महिन्यात त्यातले जेमतेम ३,००० खपले. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र सगळा माल संपला. ‘वॉकमन’ हे मोडकंतोडकं इंग्रजी परदेशात चालणार नाही असं वाटून कंपनीने अमेरिकेत त्याला ‘साउंडअबाउट’, ब्रिटनमध्ये ‘स्टोअवे’ आणि स्वीडनमध्ये ‘फ्रीस्टाइल’ अशी नावं दिली. पण जपानला आलेले पाहुणे तोवर वॉकमन घेऊन आपापल्या देशी परतले होते आणि लोक दुकानात जाऊन वॉकमनच मागू लागले. कंपनीला शेवटी तेच नाव जगभर लावावं लागलं. वस्तू गेली, नावही गेलं. हमी तेवढी मागे राहिली.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात हीच वाट आखाती देशांतून येत होती. कोकणातल्या कितीतरी घरांत कुवेत-दुबईहून आलेला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. ज्यांचं कुणी आखातात नव्हतं ते मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखान्याच्या बाजारात जायचे. तिथे ‘गॅरंटी किती?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असे: दुकानाच्या पायरीपर्यंत. ही थट्टा होती आणि करारही होता. पायरी उतरण्याआधी कॅसेट घालून, दोन्ही स्पीकरना कान लावून, रिवाइंड-फॉरवर्ड करून बघायचं. उतरल्यावर नशीब आपलं. या प्रकरणात पुढे जे सांगायचं आहे त्यातलं बरंचसं त्या गिऱ्हाइकांना आधीच ठाऊक होतं.

आता ही हमी सरहद्द का ओलांडत नाही ते पाहू. खोक्यावरचं नाव जगभर एकच असतं, पण त्यामागे एक कंपनी नसते. जपानची कंपनी वेगळी, भारतातली तिची शाखा वेगळी, कुठे शाखाही नसते, नुसता वितरक असतो. प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. भारतातली शाखा जो प्लेअर विकते त्याच्या किमतीत आयात शुल्क, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा तर असतोच; पण शंभर नग विकले तर त्यातले काही परत येणार, त्यांच्या दुरुस्तीची तजवीजही त्यातच धरलेली असते. तुम्ही टोकियोत पैसे मोजले तेव्हा ही तजवीज टोकियोच्या गल्ल्यात पडली. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरने तुमचा प्लेअर फुकट का दुरुस्त करावा? त्याच्याकडे त्या मॉडेलचे सुटे भाग नसतात, कधी कधी ते मॉडेल त्याच्या संगणकात दिसतही नाही. काउंटरवरचा माणूस सिरियल नंबर टाकतो, स्क्रीनकडे बघतो आणि मान हलवतो. तो उद्धट नसतो. त्याच्या दृष्टीने ती वस्तू जन्मलेलीच नसते.

काही कंपन्या काही वस्तूंवर आंतरराष्ट्रीय हमी देतात, नाही असं नाही. पण ती हमी कार्डावर त्या शब्दांत छापलेली हवी. विक्रेत्याने तोंडाने म्हटलेलं ‘वर्ल्डवाइड, सर, वर्ल्डवाइड’ म्हणजे मुसाफिरखान्याची पायरी, फक्त वातानुकूलित.

दुसरी गोष्ट लोकांच्या उशिरा लक्षात येते: देशोदेशीची वस्तूच वेगळी असते. जपानमध्ये एफएम रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन पूर्वी ९० ला संपायचा, कारण त्याच्यावरची जागा, ९० ते १०८, दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन चॅनेलना दिलेली होती. आपल्याकडे एफएम स्टेशनं याच वरच्या जागेत. जपानहून हौसेने आणलेला रेडिओ-कॅसेट प्लेअर घरी लावला की काटा पार उजवीकडे टेकायचा आणि नुसती खरखर ऐकू यायची. पुण्याचं १०१ किंवा मुंबईचं ९८.३ त्याच्या तबकडीवरच नव्हतं. दूरचित्रवाणीचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यावर जपानी एफएम ९५ पर्यंत सरकला, पण आपली त्यावरची स्टेशनं बाहेरच राहिली. हा बिघाड नव्हे, त्यामुळे कुठल्याच हमीत तो बसत नाही.

विजेचंही तसंच. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. जुन्या ॲडॅप्टरवर नुसतं ‘१००’ छापलेलं असे. तो आपल्या भिंतीत खोचला की एक जळका वास आणि खेळ खलास. आता बहुतेक प्लेअर यूएसबीवर चार्ज होतात आणि चार्जरवर ‘१००–२४०’ असतं, तरी तो आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

युरोपातल्या प्लेअरची गंमत निराळी. कानांच्या काळजीपोटी तिथे आवाजावर कायद्याची वेसण आहे. २००२ मध्ये फ्रान्समध्ये आयपॉडची विक्री काही काळ थांबवावी लागली होती, कारण त्याचा आवाज तिथल्या १०० डेसिबलच्या मर्यादेपुढे जात होता. सॉफ्टवेअर बदलून तो पुन्हा दुकानात आला. २०१३ पासून युरोपभर असा नियम आहे की प्लेअर आपणहून ८५ डेसिबलवर थांबला पाहिजे, त्यापुढे जायचं तर ऐकणाऱ्याने इशारा वाचून होकार द्यायचा, आणि तरीही १०० च्या वर नाही. वीस तास ऐकून झाले की तोच इशारा पुन्हा. नियम शहाणपणाचा आहे, आपल्याकडे रिक्षातून जाताना कानात बोळे कोंबून बसणाऱ्या पोरांकडे बघून तर नक्कीच वाटतं. पण पॅरिसमध्ये घेतलेल्या प्लेअरला मोठे, ताकद मागणारे हेडफोन लावले आणि किशोरीताईंचा ख्याल लांबून ऐकल्यासारखा वाटला, तर वस्तू बिघडलेली नाही हे ठाऊक असावं.

माझ्या जपानी प्लेअरचा मेन्यू फक्त जपानी भाषेत होता. दुकानात ते चालून गेलं, कारण गाणी लावायला अक्षरं लागत नाहीत. घरी आल्यावर भीमसेनांचा फोल्डर शोधताना कळलं की देवनागरी नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. शेवटी सगळ्या फाइलींची नावं रोमन लिपीत बदलत दोन रविवार घालवले, आणि मेन्यूतली सहावी ओळ म्हणजे सेटिंग, त्यातली तिसरी म्हणजे आवाज, हे पाढ्यासारखं पाठ केलं.

पण मी थोडं पुढे गेलो. खरेदीनंतरची पहिली रात्र सांगायची राहिली.

यंत्रं कधी बिघडतात याचा एक जुना आलेख अभियंत्यांकडे असतो. त्याचा आकार न्हाणीतल्या टबासारखा, म्हणून नावही तेच, बाथटब कर्व्ह. सुरुवातीला बिघाड जास्त: कच्चं सोल्डर, नीट न बसलेली केबल, कारखान्याच्या तपासणीतून निसटलेला एखादा घटक. हे दोष पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत वर येतात. मग मोठा सपाट तळ, जिथे यंत्र गुमान चालतं. आणि शेवटी पुन्हा चढ, कारण आता ते झिजलेलं असतं. बारा महिन्यांच्या हमीचा आपल्याला खरा उपयोग होतो तो या टबाच्या डाव्या भिंतीपाशी. तळाशी ती बहुधा लागत नाही आणि उजवी भिंत येईतो ती संपलेली असते.

म्हणजे परदेशातली हमी जर तिथेच राहणार असेल, तर डावी भिंत तिथेच उतरून घ्यायची. परतीच्या दिवशी विमानतळावर घाईत प्लेअर घेणं हा सगळ्यात महाग सौदा, ड्यूटी-फ्रीची पाटी कितीही मोठी असो. घ्यायचा तर प्रवासाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी घ्यावा आणि उरलेला प्रवास त्याला राबवावा.

मी त्या रात्री हॉटेलच्या पलंगावर बसून हेच केलं. खोक्यावरचा सिरियल नंबर, यंत्राच्या पाठीवरचा आणि मेन्यूच्या पोटातला, तिन्ही एकच आहेत ना ते पाहिलं. एकाच कानात वाजणारी फाइल लावून डावा-उजवा तपासला. मग हेडफोनची पिन खाचेत बोटाने हळूच फिरवली. खरखर व्हायला नको. नाही झाली. मेमरी कार्ड घालून काढलं, पुन्हा घातलं. पूर्ण चार्ज करून रात्रभर मंद आवाजात वाजत ठेवला. तिसऱ्या दिवशी क्योटोच्या गाडीत पिन फिरवली तर डाव्या कानात ‘कर्र’ असा बारीक आवाज आला. टबाची डावी भिंत!

टोकियोला परतल्यावर दुकानात गेलो. मुलगा वेगळा होता, पण त्यानेही आधी लाल शिक्का बघितला. पिन स्वतः फिरवली, ऐकलं, वाकून माफी मागितली आणि नवा नग दिला. नव्या कार्डावर नवी तारीख, नवा शिक्का. आणि हो, पुन्हा तेच बोट त्याच ओळीवर. हा आवाज मला पुण्यात आला असता तर? प्लेअर परत पाठवावा लागला असता, आणि लिथियम बॅटरी असलेली वस्तू हवाई टपालाने पाठवायची म्हणजे टपालवाल्यांपासून कुरिअरवाल्यांपर्यंत सगळे कपाळाला आठ्या घालतात. शिवाय कंपनी दुरुस्त करून देणार ती जपानमधल्याच पत्त्यावर. टोकियोतल्या निशी-कसाईत आपली बरीच माणसं राहतात, एखादा मित्र असेल तर काम होतं. पण मित्राचं वर्ष-सहा महिन्यांत भारतात येणं हीच मग तुमची कुरिअर सेवा. दुरुस्त झालेली वस्तू पार्सलने आली आणि सोबत कागद नसले, तर तिच्यावर कस्टम नव्याने शुल्क मागू शकतं ते वेगळंच.

दुकानात बदलून मिळणं हा प्रत्येक देशात वेगवेगळ्या जोराचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. युरोपीय संघात कंपनीचं कार्ड असो-नसो, विक्रेता कायद्याने किमान दोन वर्षं जबाबदार असतो. तिथे आधी दुकानदाराला धरायचं, कंपनीला नंतर. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यामुळे लेखी हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ ते स्पष्ट लिहावं लागतं, आणि १५ डॉलरपेक्षा महाग वस्तूची हमी खरेदीपूर्वी वाचायला मागता येते. किती पर्यटक मागतात, तो भाग सोडा.

सिंगापूरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे हमीचाच सापळा झाला. नोव्हेंबर २०१४. सिम लिम स्क्वेअर ही इलेक्ट्रॉनिक्सची प्रसिद्ध इमारत. व्हिएतनामहून आलेल्या एका कारखाना-कामगाराने मैत्रिणीसाठी ९५० सिंगापूर डॉलरना नवा फोन घेतला. पैसे दिले, कागदावर सही केली. मग दुकानदार म्हणाला, आता वॉरंटीचे १,५०० डॉलर. फोनपेक्षा हमी महाग! सही केलेल्या कागदात ते आधीच घुसडलेलं होतं. तो माणूस गुडघे टेकून रडत पैसे परत मागू लागला, त्याचं चित्रण जगभर फिरलं. दुकान बंद पडलं आणि पुढच्या वर्षी त्याच्या मालकाला ३३ महिन्यांची कैद झाली. गिऱ्हाइकाला मात्र त्या दिवशी ९५० पैकी ४०० डॉलरच परत मिळाले होते. कंपनीची मूळ हमी किमतीतच येते. तिच्यासाठी कुणी वेगळे पैसे मागू लागला की सही न करता वस्तू काउंटरवर ठेवावी आणि चालू लागावं.

करसवलतीचं थोडक्यात. जपानमध्ये पर्यटकाला किमान ५,००० येनांच्या खरेदीवर १० टक्के उपभोग कर माफ असतो. तो आजवर काउंटरवरच वजा व्हायचा. नोव्हेंबर २०२६ पासून आधी भरायचा आणि निघताना परत मिळवायचा, असं ठरलं आहे. सिंगापुरात किमान १०० डॉलरची खरेदी लागते. ब्रिटनने मुख्य भूमीवर ही सवलत २०२१ पासून बंदच केली, तरी लंडनला जाणारे अजून दुकानात फॉर्म मागतात.

आणि इकडे उतरल्यावर कस्टम. २०१६ च्या बॅगेज नियमांनी शुल्कमुक्त सामानाची मर्यादा ५०,००० रुपये ठरवली होती. हे आकडे बदलतात, निघण्यापूर्वी चालू आकडा बघून घ्यावा. मर्यादेपुढच्या रकमेवर शुल्क भरायचं, म्हणजे लाल मार्गिकेत जायचं. पुष्कळ लोक प्लेअर ‘वापरलेला’ दिसावा म्हणून खोकं, बिल, कार्ड सगळं हॉटेलच्या कचऱ्यात टाकून येतात. त्यात नियमभंग तर आहेच, मूर्खपणाही आहे, कारण खरेदीचा एकमेव पुरावा आपणच फेकलेला असतो. उलट, महागडा प्लेअर भारतातून बाहेर नेत असाल, तर निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं. परतताना त्यावर पुन्हा शुल्काचा प्रश्न येत नाही.

कार्डावर छापलेली नसूनही सरहद्द ओलांडणारी एक हमी मात्र आहे. २००५ ते २००६ मध्ये विकलेल्या पहिल्या आयपॉड नॅनोच्या बॅटऱ्या तापतात असं आढळल्यावर ॲपलने नोव्हेंबर २०११ मध्ये ते जगभरातून परत मागवून बदलून दिले. हमी संपून वर्षं लोटली होती. धोकादायक दोषामुळे माल परत मागवणं हा वेगळाच प्राणी आहे. तिथे महत्त्व सिरियल नंबराला असतं. म्हणून त्या नंबराचा फोटो काढून ठेवावा.

साध्या बॅटरीचं तसं नाही. वापरत गेलं की तिची साठवण घटतच जाते, आणि कंपन्या तिला टायरसारखी झिजणारी वस्तू मानतात. २००३ मध्ये केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या न्यूयॉर्कच्या भावांनी आयपॉडच्या जाहिरातींवर रंग फवारून लिहिलं होतं की याची बॅटरी १८ महिनेच टिकते आणि बदलता येत नाही. त्याच सुमाराला कंपनीने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून द्यायला सुरुवात केली.

परदेशी न जाताही परदेशी माल मिळतो, त्याला ग्रे मार्केट म्हणतात. माल अस्सल, वाट वेगळी. सॅमसंगच्या प्रिंटरांवरून दिल्ली उच्च न्यायालयात असा वाद गेला तेव्हा २०१२ मध्ये खंडपीठाने अस्सल माल बाहेरून आणून विकायला मोकळीक दिली. अट अशी की माल आयात केलेला आहे आणि त्यावर कंपनीची हमी नाही, हे दुकानात ठळक लावायचं. अकिहाबारातल्या त्या पोराचं बोटच जणू न्यायालयाने भिंतीवर टांगायला सांगितलं. भिंती बघितल्यात तर पाट्या फारशा दिसत नाहीत. पण इथल्या दुकानदाराने पाटी न लावता, पक्कं बिल देऊन माल विकला, तर त्याच्याविरुद्ध राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्याने ती सोय दिली आहे. टोकियोच्या दुकानाला तिथे कसं आणणार? बिनबिलाच्या मालाचं तर विचारूच नका.

माझा हिशेब साधा आहे. इथल्या आणि तिथल्या किमतीतला फरक म्हणजे मी स्वतःच काढलेल्या विम्याचा हप्ता. फरक पाचवा हिस्सासुद्धा नसेल तर मी इथेच घेतो आणि भांडायला जवळचा माणूस ठेवतो.

चार वर्षांनी माझ्या प्लेअरची पाठ थोडी फुगलेली दिसली. बॅटरी. चार्ज करणं बंद केलं आणि तपकीर गल्लीत एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. जिन्याखालचं दुकान, टेबलावर भिंग, गरम हवेची बंदूक, गिटार वाजवायच्या पातळ पट्ट्यांचा डबा.

‘गॅरंटीत आहे का काका?’ त्याने सवयीने विचारलं.

‘जपानची होती.’

‘मग नव्हतीच,’ म्हणत त्याने कडा गरम करायला घेतली.

पट्टी फटीत सरकली, पाठ सुटली. आत उशीसारखी फुगलेली चंदेरी बॅटरी होती. त्याने ती न टोचता अलगद उचलून वाळूच्या डब्यात ठेवली, मग भिंगाखालून अक्षरं बघितली. ‘सगळं जपानीत. पण आकडे आपलेच आहेत,’ तो म्हणाला आणि खणातून त्याच मापाची बॅटरी शोधू लागला.